कंठद्वारापाशी प्रमाणविचार

एखादी गोष्ट खरोखर कळली असे केव्हा म्हणावे आणि ती नुसती कळल्यासारखी वाटली असे केव्हा, हा भारतीय प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची चिकित्सा करणाऱ्या शास्त्राचा, मूळ प्रश्न आहे. मठांत, पाठशाळांत आणि पुढे विद्यापीठांत या प्रश्नाचा खल शतकानुशतके झाला. उत्तर चुकले तर वादात हार पत्करावी लागे, पण त्यावाचून फारसे काही बिघडत नसे. शस्त्रक्रियागृहात मात्र हाच प्रश्न रोज उभा राहतो, त्याचे उत्तर काही मिनिटांत द्यावे लागते, आणि ते चुकले तर जीव जातो तो उत्तर देणाऱ्याचा नव्हे, तर टेबलावर निश्चेष्ट पडलेल्या दुसऱ्याच माणसाचा. बेशुद्ध केलेल्या प्रौढ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी गेल्या पाव शतकात व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशाच्या आतले कॅमेऱ्याने पडद्यावर दाखवणारे उपकरण, रूढ होत गेला, आणि त्याने या प्रश्नाला नवी धार आणली. या उपकरणाने पाहण्याची सोय इतकी वाढवली की दिसले म्हणजे कळले, असे मानून थांबण्याचा मोहही तितकाच वाढला.

आधी ती क्रिया समजून घ्यायला हवी. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी भूल देताना रुग्णाची शुद्ध हरपते, आणि स्नायू सैल करणारी औषधे दिल्यावर त्याचा स्वतःचा श्वासही थांबतो. मग श्वास बाहेरून द्यावा लागतो, आणि त्यासाठी तोंडावाटे श्वासनलिकेत एक लवचिक नळी, जिला रुग्णालयात सगळेच ‘ट्यूब’ म्हणतात, बसवावी लागते. घशाच्या तळाशी दोन वाटा फुटतात, पुढची श्वासनलिकेची आणि मागची अन्ननलिकेची. श्वासनलिकेच्या मुखाशी स्वरयंत्र असते. त्यातील दोन स्वरतंतूंच्या मधल्या फटीला येथे कंठद्वार म्हटले आहे. ट्यूब याच फटीतून आत गेली पाहिजे. परंतु तोंडाची पोकळी आणि श्वासनलिका एका रेषेत नसतात, मध्ये जिभेचा मांसल उंचवटा असतो आणि कंठद्वारावर एपिग्लॉटिस नावाचे कूर्चेचे पान झुकलेले असते. ट्यूब चुकून अन्ननलिकेत गेली आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही, तर यंत्र पोटात हवा भरत राहते, फुप्फुसे उपाशी राहतात आणि मेंदूची अपरिमित हानी होते.

या वाटेचा शोध आरंभी डोळ्यांनी नव्हे, बोटांनी घेतला, ही गोष्ट तत्त्वचिंतकाने विसरू नये. आंद्रेयास व्हेसॅलियसने १५४३ च्या आपल्या शरीररचनाग्रंथात प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून त्यातून फुंकर मारली असता मिटलेले फुप्फुस पुन्हा फुगते, असे नोंदवले. पण त्यासाठी त्याने श्वासनलिका बाहेरून छेदली होती. ग्लासगोच्या विल्यम मॅकीवेन या शल्यविशारदाने १८७८ मध्ये तोंडावाटे ट्यूब घालून भूल दिली, ती जिभेच्या मुळाशी बोटे नेऊन, निव्वळ स्पर्शाच्या आधाराने. दृष्टीचा इतिहास वेगळ्याच माणसापासून सुरू होतो. मान्युएल गार्सिया हा गायनगुरू १८५४ मध्ये पॅरिसमध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचे हलणारे स्वरतंतू पाहू शकला आणि पुढच्याच वर्षी त्याने आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्याला रोग बरा करायचा नव्हता. आवाज कोठून उमटतो हे त्याला बघायचे होते. बर्लिनच्या आल्फ्रेड किर्स्टाइनने १८९५ मध्ये आरसा दूर सारून स्वरयंत्र सरळ नजरेने पाहण्याची रीत काढली, आणि १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी वक्र पात्याचा लॅरिंगोस्कोप तयार केला. हे पाते जिभेला बाजूला सारून वर उचलते आणि डोळ्यापासून कंठद्वारापर्यंत एक सरळ रेषा मोकळी करते. पुढची पन्नासहून अधिक वर्षे भूलतज्ज्ञांच्या पिढ्या त्याच रेषेवर शिकल्या.

ती रेषा प्रत्येकाच्या घशात मोकळी होत नाही. कोणाची हनुवटी आत असते, कोणाची मान वाकत नाही, कोणाचे तोंड पुरते उघडत नाही. कॉर्मॅक आणि लेहान यांनी १९८४ मध्ये कंठद्वार कितपत दिसते याच्या चार श्रेणी केल्या. पहिलीत ते बहुतांश दिसते आणि चौथीत एपिग्लॉटिससुद्धा दिसत नाही. कॅनडातील जॉन पेसी या शल्यविशारदाने २००१ च्या सुमारास पुढे आणलेल्या ग्लाइडस्कोप या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने पात्याच्या टोकाजवळच कॅमेरा बसवला आणि सरळ रेषेची गरजच संपवली. डोळा जणू तोंडाबाहेर न राहता जिभेच्या वळणापलीकडे जाऊन बसला. मॅकिंटॉशच्या पात्याने जिथे काहीच दिसत नसे तिथे पडद्यावर स्वरतंतू स्पष्ट दिसू लागले.

आता तत्त्वज्ञानाचा पहिला प्रश्न येतो: पडद्यावर दिसणारे कंठद्वार हे प्रत्यक्ष आहे का? न्यायसूत्रांत गौतमांनी प्रत्यक्षाचे लक्षण करताना इंद्रिय आणि पदार्थ यांच्या संनिकर्षातून, म्हणजे त्यांच्या संबंधातून, उत्पन्न झालेले, शब्दावर न विसंबणारे, न चुकणारे आणि निश्चयात्मक ज्ञान ते प्रत्यक्ष, असे म्हटले आहे. नैयायिकांच्या मते डोळा प्राप्यकारी आहे. त्यातून निघणारा तेजाचा किरण पदार्थाला जाऊन भिडतो, तेव्हाच पदार्थ दिसतो. आजच्या प्रकाशशास्त्राने हा किरण केव्हाच नाकारला आहे, तरी त्यामागचा आग्रह, पाहणारा आणि पाहिलेले यांच्यामध्ये खराखुरा, अखंड संबंध हवा हा, नाकारण्याजोगा नाही. आणि या आग्रहावरचा आक्षेपही न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातच नोंदलेला आहे. काच, अभ्रक किंवा स्फटिक यांच्या आडची वस्तू दिसते. मग डोळा तिला भिडतो असे कसे म्हणावे? सूत्रकारांचे उत्तर असे की भिंत किरणाला अडवते, काच अडवत नाही, म्हणून संबंध तुटत नाही. आरशात दिसणाऱ्या रूपाचीही उपपत्ती तेथे आरशाच्या स्वच्छ पृष्ठाच्या स्वभावावरून लावली आहे. गार्सियाचा आरसा या चौकटीत अडचणीशिवाय बसतो.

कॅमेरा मात्र काच किंवा आरसा यांच्यासारखा नाही. घशातला प्रकाश त्याच्यापाशी थांबतो, त्याचे विद्युत्संकेत होतात, आणि त्या संकेतांवरून पडदा दुसराच प्रकाश निर्माण करतो. काटेकोर विचार करणारा म्हणेल की भूलतज्ज्ञाला प्रत्यक्ष दिसतो तो पडदा, आणि कंठद्वाराचे त्याला होते ते अनुमान. या मताला वजन आहे, पण ते पुरते पटत नाही. पडद्यावरील चित्र पाहणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. पाते किंचित उचलले की चित्र त्याच क्षणी बदलते, मागे घेतले की कंठद्वार नाहीसे होते आणि पुन्हा पुढे सारले की परत येते. सूक्ष्मदर्शकातून आपण खरेच पाहतो का, असा प्रश्न इयान हॅकिंग या कॅनेडियन तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये विचारला होता. सूक्ष्मदर्शकातून पाहायला माणूस शिकतो तो नुसता डोळा लावून नव्हे, तर पाहत असलेल्या गोष्टीत हात घालून, ती हलवून, टोचून शिकतो, असे त्याचे उत्तर होते. हा विचार येथे तंतोतंत लागू पडतो. हाताच्या प्रत्येक हालचालीला जे चित्र नेमके उत्तर देते, त्याला केवळ अनुमानाचे साधन म्हणणे म्हणजे अनुभवाची विपरीत मांडणी करणे होय. पडद्यावरचे दर्शन प्रत्यक्षच आहे, पण सशर्त प्रत्यक्ष. भिंगावर वाफ धरली, रक्त किंवा लाळ साचली, तर ते क्षणात मावळते, आणि साध्या डोळ्याने घशात पाहणाऱ्याला जी सावधगिरी कधी शिकावी लागली नव्हती ती येथे शिकावी लागते.

याहून मोठा फरक दृष्टी आणि हात यांच्या नात्यात पडला, आणि त्याकडे प्रमाणशास्त्राच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मॅकिंटॉशच्या पात्याने मोकळी झालेली रेषा नजरेची तशीच ट्यूबचीही होती. जिथे डोळा पोहोचला तिथे हात पोहोचणारच, अशी ती रचना होती. सांख्यांनी ज्ञानेंद्रिये आणि कर्मेंद्रिये वेगळी मोजली, पण त्या जुन्या क्रियेत दोन्हींची वाट एकच होती. अधिक बाक असलेल्या पात्याचा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप ही वाट दुभंगतो. कॅमेरा वळणापलीकडचे दाखवतो, ट्यूबला मात्र ते वळण स्वतःच घ्यावे लागते, त्यासाठी आत धातूची सळई, म्हणजे स्टायलेट, घालून तिला पात्यासारखाच बाक द्यावा लागतो, आणि तरीही कधी कधी कंठद्वार डोळ्यांसमोर स्वच्छ असताना ट्यूबचे टोक त्याच्या उंबरठ्यावर अडून राहते. फ्रान्समधील सात अतिदक्षता विभागांत ३७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हेच ठळकपणे दिसले. कोणत्या रुग्णासाठी कोणते उपकरण, हे सोडत काढल्याप्रमाणे ठरवले होते. व्हिडिओने कंठद्वार अधिक चांगले दिसले, पण पहिल्याच प्रयत्नात ट्यूब बसण्याचे प्रमाण ६७.७ टक्के भरले, आणि साध्या लॅरिंगोस्कोपने ते ७०.३ टक्के होते. दर्शन सुधारले, प्राप्ती सुधारली नाही.

म्हणून हे उपकरण निरुपयोगी ठरते असे नव्हे. तसे म्हणणे पुराव्याशी प्रतारणा होईल. अमेरिकेत सतरा आपत्कालीन व अतिदक्षता विभागांतील १४१७ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने पहिल्याच प्रयत्नात यश ८५.१ टक्के वेळा आले, साध्याने ७०.८ टक्के वेळा. क्लीव्हलँडमधील शस्त्रक्रियागृहांत आठ हजारांहून अधिक वेळा केलेल्या या क्रियेचा अभ्यास २०२४ मध्ये आला. तेथे अधिक बाकाच्या पात्याने एकाहून जास्त प्रयत्न १.७ टक्के वेळाच करावे लागले, साध्या लॅरिंगोस्कोपने ७.६ टक्के वेळा. कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये २२२ अभ्यास एकत्र तपासले आणि व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या सर्व प्रकारांनी अपयशाचे प्रमाण बहुधा घटते, असा निष्कर्ष काढला. एवढा पुरावा असताना केवळ जुन्या कौशल्याच्या अभिमानापोटी रुग्णाला नव्या उपकरणापासून वंचित ठेवणे नीतीला धरून होणार नाही. फ्रेंच चाचणी आणि नंतरच्या चाचण्या यांतील अंतराचे एक संभाव्य कारण असे की पाहण्याचे साधन मिळाले तरी त्याच्याशी हात जुळायला सराव लागतो, आणि तो सराव मधल्या वर्षांत वाढत गेला.

दृष्टीच्या या वैभवाला एक किंमतही द्यावी लागते. भूलतज्ज्ञाची नजर पडद्यावर खिळते, आणि दातांपासून कॅमेऱ्याच्या कक्षेपर्यंतचा ट्यूबचा प्रवास कोणीच पाहत नाही. या न पाहिलेल्या टप्प्यात टाळूच्या मागच्या मऊ भागाला किंवा टॉन्सिलजवळच्या कमानीला स्टायलेटसह ट्यूबने छिद्र पाडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणून शिकवताना क्रम सांगतात तो असा: पाते घालताना तोंडाकडे पाहावे, मग पडद्याकडे, ट्यूब घालताना पुन्हा तोंडाकडे, आणि तिचे टोक आत गेल्यावरच पुन्हा पडद्याकडे. गौतमांनी मनाचे लिंग, म्हणजे मन आहे हे ओळखण्याची खूण, सांगताना म्हटले की एकाच वेळी अनेक ज्ञाने होत नाहीत; मन अणुरूप असल्याने ते एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. बृहदारण्यकातही मन अन्यत्र असल्यामुळे दिसले नाही, ऐकू आले नाही, हा अनुभव मनाच्या स्वरूपाचा पुरावा म्हणून दिला आहे. रक्तातील ऑक्सिजन घसरू लागल्यावर मॉनिटरचा स्वर उतरत जातो आणि पडद्यात गुंतलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही, हे या विवेचनाचे आधुनिक उदाहरण म्हणता येईल. दोष कानाचा नसतो. उपकरणाने डोळ्याला जितके अधिक दिले, तितके मन डोळ्याशी अधिक बांधले गेले.

इथवरचा विचार ट्यूब कंठद्वारातून जाईपर्यंतचा झाला. खरा तात्त्विक पेच ती गेल्यानंतर सुरू होतो. न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्यात वात्स्यायनांनी प्रत्यक्षाला अग्रस्थान देण्याचे कारण सांगितले आहे. डोंगरावर अग्नी आहे असे विश्वासू माणसाने सांगितले तरी ऐकणाऱ्याला खात्री करून घ्यावीशी वाटते. जवळ जाऊन धूर पाहिला आणि अनुमान केले तरी जिज्ञासा उरते. पण अग्नी डोळ्यांनी पाहिला की जिज्ञासा शमते, त्यापुढे विचारण्यासारखे काही राहत नाही. सामान्य व्यवहारात हे इतके खरे आहे की त्यावर कोणी वाद घालणार नाही. परंतु कंठद्वारापाशी हाच क्रम घातक ठरू शकतो. स्वरतंतू दिसले, ट्यूब त्यांच्यामधून जाताना दिसली, म्हणून जिज्ञासा शमली, असे झाले तर काय होते? ट्यूब पुढे सरकते त्या ऐन क्षणी तीच कंठद्वाराला झाकते. स्टायलेट काढताना ती मागे सरून निसटू शकते. आणि रक्ताने भरलेल्या घशात, धावपळीत, अन्ननलिकेचे तोंडच कंठद्वार म्हणून ‘दिसते’. ज्याला नैयायिक अन्यथाख्याती म्हणतात, म्हणजे शिंपल्यावर पूर्वी पाहिलेल्या रुप्याचे रूप चढून शिंपलाच रुपे म्हणून दिसणे, ती येथे घडते. जे दिसावे अशी तीव्र अपेक्षा असते, ते स्मृतीतून येऊन समोरच्या गोष्टीवर बसते.

म्हणून वैद्यकाने निर्णयाचा अधिकार अनुमानाकडे सोपवला आहे. शरीरातील प्रत्येक पेशीत अन्नाचे मंद ज्वलन चालू असते, त्यातून कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, रक्त तो फुप्फुसांत आणते आणि उच्छ्वासावाटे तो बाहेर पडतो. कॅप्नोग्राफ नावाचे यंत्र ट्यूबमधून परत येणाऱ्या हवेतील हा वायू मोजते आणि प्रत्येक श्वासागणिक पडद्यावर एक लाट काढते. लाट येत असेल तर ट्यूब श्वसनमार्गात आहे. अग्नीवरून निघणाऱ्या धुरासारखेच हे अनुमान आहे, आणि अग्नी येथेही आहेच, जठरात नव्हे तर सगळ्या देहभर.

कोणत्याही अनुमानाचा जीव व्याप्तीत असतो. व्याप्ती म्हणजे जिथे हेतू, म्हणजे खूण, तिथे साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, असलेच पाहिजे, हा अव्यभिचारी संबंध. जुन्या खुणा या कसोटीवर टिकत नाहीत. ट्यूबच्या आत वाफ धरणे, छाती हलल्यासारखी वाटणे, स्टेथोस्कोपने श्वासाचा आवाज ऐकू येणे, या तिन्ही गोष्टी ट्यूब अन्ननलिकेत असतानाही घडू शकतात. म्हणजे हे हेतू सव्यभिचार आहेत, साध्य नसतानाही हजर होणारे, आणि म्हणून हेत्वाभास. कार्बन डायऑक्साइडचा हेतूसुद्धा सरसकट निर्दोष नाही. रुग्णाने फेसाळ पेय प्यायले असेल किंवा आधी मास्कने हवा देताना उच्छ्वासाची हवा पोटात गेली असेल, तर अन्ननलिकेतील ट्यूबमधूनही पहिल्या काही श्वासांत हा वायू येतो आणि मग विरत जातो. नैयायिक अशा जागी हेतूला विशेषण लावून व्यभिचार टाळतात, आणि वैद्यकानेही अगदी तेच केले. अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नुसता कार्बन डायऑक्साइड पुरेसा मानलेला नाही. तो किमान सात श्वासांपर्यंत टिकून राहिला पाहिजे, असे म्हटले आहे. ‘टिकून राहणारा’ या एका विशेषणाने व्याप्ती शुद्ध झाली. उदयनाचार्य किंवा गंगेशोपाध्याय या नैयायिकांच्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही.

उलट बाजू अधिक अवघड आहे. लाट आलीच नाही, तर? येथे प्रश्न अभावाच्या ज्ञानाचा होतो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण नुसते न दिसणे पुरेसे नाही, ती अनुपलब्धी योग्य असली पाहिजे, अशी अट घालतात. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असताना ती दिसली नाही, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. भूलतज्ज्ञाचे मन लाट न आल्याचा दोष इतरत्र टाकू पाहते: यंत्र बिघडले असेल, दमा बळावून हवेची वाट पूर्ण बंद झाली असेल, हृदय थांबल्यामुळे फुप्फुसांत रक्तच येत नसेल. यांपैकी शेवटचा तर्क सर्वांत फसवा आहे, कारण हृदय थांबले तरी छातीवर दाब देऊन पुनरुज्जीवन चालू असताना थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेर येतोच आणि कमी उंचीची का होईना, लाट दिसतेच. म्हणजे अशा वेळीसुद्धा अनुपलब्धी योग्यच असते, आणि सपाट रेषेचा अर्थ, उलट सिद्ध होईपर्यंत, ट्यूब चुकीच्या जागी आहे, असाच घ्यावा लागतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटी यांनी, लाट नसेल तर जागा चुकली आहे, हा संदेश मोहीम चालवून देशभर पोहोचवला, तो अशा मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर, ज्यांत सपाट रेषा सर्वांसमोर होती आणि तरी तिचे कारण दुसरेच काही मानले गेले.

अनुमान प्रत्यक्षाला असे मागे सारू शकते का, हा वाद जुनाच आहे. सोळाव्या शतकाच्या आगेमागे द्वैतमताच्या व्यासतीर्थांनी ‘न्यायामृत’ ग्रंथात अद्वैतावर हाच आक्षेप घेतला की अनुमान आणि शब्द प्रत्यक्षाच्या आधारावर उभे असल्याने ते आपल्याच आधाराला उलथू शकत नाहीत. अद्वैताच्या बाजूने मधुसूदन सरस्वतींनी ‘अद्वैतसिद्धी’त उत्तर दिले. आकाशातला चंद्र वीतभर दिसतो, पण ते प्रत्यक्ष दुसऱ्या प्रमाणाने बाधित होते, हे उदाहरण या वादात वारंवार येते. येथे सपाट रेषेसमोर ‘पण ट्यूब आत जाताना दिसली होती’ असे म्हणणाऱ्या भूलतज्ज्ञाला मधुसूदनांचीच बाजू ऐकवावी लागेल. तरीही व्यासतीर्थांच्या बाजूने एक गोष्ट विशेष उपयोगी पडते. कोणतेही प्रत्यक्ष नव्हे, तर परीक्षित प्रत्यक्ष, म्हणजे तपासून पारखलेले प्रत्यक्ष, प्रबळ असते, असे त्यांचे म्हणणे होते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने दाखवलेले दर्शन अपरीक्षित असते आणि टिकणारी लाट ही त्याची परीक्षा होय, अशी मांडणी केली की दोन आचार्यांमधील अंतर या एका जागेपुरते तरी बरेच कमी होते. कॅप्नोग्राफलाही मर्यादा आहेत. ट्यूब जास्त खोल जाऊन एकाच फुप्फुसात बसली किंवा कंठद्वाराच्या वरच राहिली, तरी लाट येऊ शकते. नेमकी जागा सांगायला पुन्हा डोळा आणि कान लागतात. एकाच विषयावर अनेक प्रमाणे एकत्र प्रवृत्त होतात, याला नैयायिक प्रमाणसंप्लव म्हणतात. बौद्ध आचार्य दिङ्नागांना तो मान्य नव्हता. प्रत्येक प्रमाणाचा विषय वेगळा, असे त्यांचे मत. शस्त्रक्रियागृहाचा अनुभव येथे नैयायिकांच्या पारड्यात पडतो.

पडद्याने आणखी एक गोष्ट बदलली, आणि ती ज्ञानाइतकीच नीतीची आहे. साध्या लॅरिंगोस्कोपने कंठद्वार पाहणारा डोळा एकच असे; बाकीच्यांसाठी त्याचे ‘दिसले’ हे शब्दप्रमाण होते, आप्ताचे वचन. आप्त म्हणजे ज्याला वस्तू यथार्थ माहीत आहे आणि जो ती तशीच सांगतो. वरिष्ठाचे आप्तत्व तपासण्याचे धैर्य परिचारिकेला किंवा शिकाऊ डॉक्टरला सहसा होत नसे, आणि ज्येष्ठतेचा मान राखण्याच्या संस्कारात वाढलेल्यांना तर ते अधिकच जड जाते. पडद्यावर सर्वांनाच दिसते. २०२२ च्या त्या मार्गदर्शक तत्त्वांनी पाहणाऱ्याने काय दिसते ते मोठ्याने सांगावे, आणि कार्बन डायऑक्साइड टिकून आहे की नाही हे भूलतज्ज्ञ आणि साहाय्यक या दोघांनीही बोलून दाखवावे, असे सुचवले आहे. एकट्याचे प्रत्यक्ष अनेकांच्या साक्षीखाली आले, आणि ज्याच्याकडे पद नाही त्याच्या डोळ्यालाही प्रमाणाचा दर्जा मिळाला. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपची ही देणगी यशाच्या टक्केवारीहून कमी मोलाची मानू नये.

छांदोग्योपनिषदाच्या पाचव्या अध्यायात इंद्रियांचा श्रेष्ठत्वाविषयीचा कलह आहे. वाणी, डोळा, कान आणि मन ही एकेक वर्ष देह सोडून जातात आणि देह मुका, आंधळा, बहिरा, अजाण होऊन का होईना, जगत राहतो. पण प्राण निघू लागताच इतर सर्वांची मुळे उखडू लागतात आणि ती त्याचे श्रेष्ठत्व मान्य करतात. उपनिषदातला प्राण आणि श्वासयंत्राने दिलेली हवा एक नव्हेत, हे खरे. तरीही भुलेच्या टेबलावर या कलहाचे एक विचित्र रूप दिसते: तेथे डोळा एकाचा असतो आणि प्राण दुसऱ्याचा. प्रमाणशास्त्राने ज्ञाता आणि ज्ञानाचे फळ भोगणारा हे प्रायः एकच धरले. ज्याला ज्ञान होते त्याचीच प्रवृत्ती सफल किंवा विफल होते, आणि त्या साफल्यावरूनच ज्ञानाचे प्रामाण्य कळते. येथे प्रवृत्ती विफल झाल्याचे दुःख ज्याला व्हायचे तो बोलू शकत नाही, हलू शकत नाही, खोकूही शकत नाही. आपल्या डोळ्यावर विश्वास ठेवण्याचा अधिकार प्रत्येकाला स्वतःपुरता आहे. दुसऱ्याच्या श्वासाचा निर्णय करताना तो आपोआप मिळत नाही, तो परीक्षेने मिळवावा लागतो.

यातून खरेदीच्या यादीपर्यंत जाणारा एक निष्कर्ष निघतो. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये श्वसनमार्गाविषयी भारतासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि मोठ्या शहरांतील रुग्णालयांत व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि कॅप्नोग्राफ ही दोन्ही यंत्रे आता परिचयाची आहेत. तालुक्याच्या गावातील छोट्या रुग्णालयाला मात्र दोन्ही एकाच वेळी घेणे परवडेलच असे नाही, आणि पडद्यावर उजळलेले स्वरतंतू दाखवणारे उपकरण विकत घेण्याची ओढ साहजिकच अधिक असते, कारण त्याचा उपयोग पाहताक्षणी पटतो. ब्रिटनमधील श्वसनमार्गाच्या गंभीर दुर्घटनांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अतिदक्षता विभागातील अशा मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंना कॅप्नोग्राफ न वापरणे बहुधा कारणीभूत ठरले, असे आढळले होते. जिथे एकच यंत्र घेता येते तिथे आधी कॅप्नोग्राफ घ्यावा, शस्त्रक्रियागृहाइतकाच तो अतिदक्षता विभागात आणि रुग्णवाहिकेतही असावा, आणि त्यानंतर जमलेला पहिला पैसा व्हिडिओ लॅरिंगोस्कोपसाठी व तो हाताळण्याच्या सरावासाठी राखून ठेवावा.